पांढरा वाघ आणि कवड्या

शाळेची सहल प्राणिसंग्रहालय पाहून परतली की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : "वाघ दिसला का?" दिसला असेल तर सहल चांगली झाली. वाघ आडोशाला झोपलेला असेल आणि गवतातून नुसती शेपटी दिसली असेल, तर मुलाचा चेहरा उतरलेला असतो आणि पालकांना पैसे फुकट गेल्यासारखे वाटते. आम्हीही लहानपणी ह्याच मापाने प्राणिसंग्रहालय मोजत होतो. पुढे प्राण्यांच्या वर्तनाचा थोडाफार अभ्यास झाला, मुलांबरोबर आणि शिक्षकांबरोबर अशा जागी पुन:पुन्हा जाणे झाले, आणि हे माप मुळातच चुकीचे आहे अशी आमची खात्री होत गेली. चूक मुलांची नव्हे, प्राणिसंग्रहालय उभारणाऱ्यांची आहे. ती किती जुनी आहे हे पाहायचे तर पुण्याच्या प्राणिसंग्रहालयाचे उदाहरण चांगले आहे, कारण ह्या संग्रहालयाला दोन मुळे आहेत आणि ती एकमेकांहून अगदी वेगळी आहेत.

पहिले मूळ पर्वतीच्या पायथ्याशी आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७० च्या सुमारास तेथे खासगी प्राणिसंग्रह केला होता. युरोपातही ही राजेरजवाड्यांच्या हौसेचीच गोष्ट होती. व्हिएन्नाचा शॉनब्रुन राजवाड्यातील प्राणिसंग्रह १७५२ चा, म्हणजे फार तर वीस वर्षांनी जुना. पेशव्यांच्या संग्रहाची एक सुरेख साक्ष आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या केंद्रात आहे. पुण्याचे चित्रकार गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट ह्यांनी नोव्हेंबर १७९० मध्ये ह्या संग्रहातील गेंड्याचे चित्र काढले होते. पुण्याच्या आसपासच्या रानात तेव्हाही गेंडे नव्हते. तो दुरून, खटाटोपाने आणलेला प्राणी होता, आणि दुरून आणता येतो हेच तर दाखवायचे होते. जो प्राणी प्रजेला एरवी कधी दिसणार नाही, तो आपल्या पदरी आहे, असा त्या पिंजऱ्याचा अर्थ होता. गेंडा काय खातो, कसा राहतो, ही त्यात दुय्यम बाब.

पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली आणि १९५३ मध्ये तिने त्याच परिसरात सुमारे सात एकरांवर पेशवे पार्क सुरू केले. राजे गेले होते, लोकांचे राज्य आले होते. लोकांच्या पैशातून, लोकांच्या मुलांसाठी प्राणिसंग्रहालय ही त्या काळातली उमदी कल्पना होती आणि तिची थट्टा करण्याचा आमचा विचार नाही. १९५६ मध्ये तेथे 'फुलराणी' ही लहान मुलांची आगगाडी धावू लागली. पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांनी आयुष्यातला पहिला सिंह पेशवे पार्कात पाहिला. गावाकडून पाहुणे आले की पर्वती, सारसबाग आणि पेशवे पार्क हा ठरलेला कार्यक्रम असे. पण मालकी बदलली तरी मांडणी बदलली नव्हती. पिंजरे ओळीने, प्राणी गजांआड, आणि प्रेक्षक एकापुढून दुसऱ्यापुढे सरकणारा. दुरून आणलेला, मोठा, क्रूर समजला जाणारा प्राणी हेच आकर्षण. पेशव्यांच्या नावाबरोबर त्यांच्या संग्रहाची दृष्टीही पालिकेने वारशाने घेतली, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

येथे थोडे शास्त्र पाहू. हाइनी हेडिगर हे स्विस प्राणिशास्त्रज्ञ बर्न, बाझेल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक होते. बंदिवासातील वन्य प्राण्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४२ साली निघाले. रानातला प्राणी 'स्वतंत्र' असतो ही आपली समजूत भाबडी आहे, असे हेडिगरांचे म्हणणे. तो आपल्या हद्दीने, पाणवठ्याने, वेळापत्रकाने आणि कळपातल्या आपल्या पायरीने बांधलेला असतो. म्हणून पिंजरा किती मोठा ह्याइतकेच पिंजऱ्यात काय आहे हे महत्त्वाचे. लपायला जागा, उंच बसायला ओटा, उकरायला माती, करायला काही काम आहे की नाही? हेडिगरांनी 'पळण्याचे अंतर' ही कल्पनाही मांडली. प्रत्येक वन्य प्राणी माणसाला ठरावीक अंतरापर्यंतच जवळ येऊ देतो. त्याच्या आत पाऊल टाकले की तो पळतो. ज्या पिंजऱ्यात प्रेक्षक सतत ह्या अंतराच्या आत उभे असतात आणि मागे सरकायला जागाच नसते, त्यात प्राण्याला दिवसभर पळावेसे वाटत राहते आणि पळता येत नाही.

मग तो येरझाऱ्या घालतो. त्याच वाटेने, त्याच पावलांनी, कोपऱ्यात त्याच ठिकाणी मान वळवून. ह्याला साचेबद्ध वर्तन म्हणतात. "वाघ फेऱ्या मारतोय, म्हणजे त्याला भूक लागली" असे स्पष्टीकरण शेजारचे काका नेहमी देतात. आम्हीही ते पुष्कळ वर्षे खरे मानले होते. क्लब आणि मेसन ह्या दोन संशोधिकांनी २००३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की रानात ज्या मांसाहारी प्राण्यांचे वावरक्षेत्र मोठे, त्यांच्यात बंदिवासात येरझाऱ्यांचे प्रमाण जास्त आणि पिल्ले दगावण्याचेही जास्त. ध्रुवीय अस्वलाला साधारणपणे मिळणारी जागा त्याच्या रानातल्या किमान वावरक्षेत्राच्या दहा लाखाव्या भागाएवढी भरते, हा त्यातला हिशेब शिक्षकांनी वर्गात जरूर करून दाखवावा. शाळेचे मैदान घ्या, त्याला दहा लाखांनी भागा आणि उरलेल्या जागेत वहीचे पान तरी मावते का ते मुलांना पाहू द्या.

आमचा पेशवे पार्कावरचा मुख्य आक्षेप प्राण्यांच्या हालांचा आहेच, पण शिक्षणाच्या दृष्टीने तो थोडा वेगळा आहे. प्राणिसंग्रहालय फलक लावो न लावो, काही ना काही शिकवतच असते. सात एकरांतल्या त्या पिंजऱ्यांनी हजारो मुलांना शिकवले की वाघ म्हणजे येरझाऱ्या घालणारा प्राणी आणि माकड म्हणजे शेंगदाण्यासाठी हात पुढे करणारा प्राणी. त्या मुलांनी खोटे पाहिले नाही. त्यांनी खराखुरा वाघ पाहिला, पण जे पाहिले ते वाघाचे वर्तन नव्हते, पिंजऱ्याचे होते.

ह्याला पर्याय तेव्हा ठाऊक नव्हता असे नाही. कार्ल हागेनबेक ह्यांनी हॅम्बुर्गजवळ १९०७ मध्येच गज काढून खंदक खणले होते. पण खंदकाला जागा लागते, आणि शहराच्या मधोमध ती कोठून आणायची? आपल्याकडे जोर आला तो कायद्याने. वन्य जीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला मान्यता घेणे बंधनकारक झाले. पुण्यात १९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. एकूण जागा सुमारे १३० एकर, त्यातले ४२ एकर तलावाचे. (ह्याच कात्रजच्या तलावाचे पाणी पेशव्यांनी नळाने शहरात आणले होते, पेशवे काही पुण्याच्या प्राण्यांची पाठ सोडत नाहीत!) २००५ मध्ये पेशवे पार्कातले उरलेले प्राणीही कात्रजला हलवून जुने संग्रहालय बंद झाले. त्या जागी पुढे ऊर्जा उद्यान झाले. जुने पुणेकर अजून हळहळतात. आम्हाला ती हळहळ समजते, पण पटत नाही.

कात्रजला मात्र प्राणिसंग्रहालय मोकळ्या माळावर आले नाही. तेथे १९८६ पासून सर्पोद्यान होते. हे पुण्याच्या संग्रहालयाचे दुसरे मूळ, आणि आमच्या मते अधिक मोलाचे.

सर्पोद्यानामागे नीलिमकुमार खैरे ह्यांची खटपट होती. तेच त्याचे पहिले संचालक. १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत राहून दाखवणारे ते हेच. असले विक्रम आम्हाला एरवी आवडत नाहीत. त्यात विज्ञान थोडे आणि तमाशा फार असतो. पण ह्या विक्रमाचे म्हणणे साधे होते : साप उगाच चावत नाही. १९८० च्या महाराष्ट्रात हे भाषणाने कोणाला पटले नसते. सर्पोद्यान निघाले ते ह्याच गरजेतून. शहर पसरत होते, डोंगरउतारावर आणि शेतात घरे उठत होती, घराघरांत साप निघत होते आणि दिसला साप की मारला जात होता. कोणी साप पकडून आणून द्यायचे, कोणी ओळखायला आणायचे. पुढे जखमी आणि पोरक्या वन्य प्राण्यांची शुश्रूषाही येथे होऊ लागली. पेशव्यांचा गेंडा आणि सर्पोद्यानातली धामण ह्यांत फरक आहे तो येथे. गेंडा दुरून आणलेला होता, धामण शेजारून आलेली होती. गेंडा पाहून घरी गेलेल्या माणसाला त्या ज्ञानाचा उद्या काहीच उपयोग नव्हता. धामण पाहून गेलेल्याला उद्या सकाळी गोठ्यात तो होण्याची शक्यता होती.

हा उपयोग किती मोठा आहे ते आकड्यांवरून कळते. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुसंख्य खेड्यांतली. आपल्याकडे प्रतिविष बनते ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चार सापांच्या विषावर. हे चार आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप ओळखता येणे हे महाराष्ट्रातल्या मुलाला पानिपताच्या सनावळीइतके तरी आवश्यक आहे. मण्यार आणि कवड्या घ्या. दोघेही रात्री हिंडणारे, दोघांच्याही अंगावर आडवे पांढुरके पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. शिवाय तिच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्या भिंतीवर चढून पाली खातो. मण्यार जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते, चावा फारसा दुखत नाही, आणि दवाखाना गाठायला उशीर होतो. तसेच घोणस आणि दुरक्या घोणस. एकीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. दुसरी आखूड, जाड, बोथट शेपटीची आणि निरुपद्रवी. पुस्तकातल्या चित्रावरून हे फरक ध्यानात राहत नाहीत. काचेपलीकडचा जिवंत साप पाच मिनिटे नीट पाहिला की राहतात. प्राणिसंग्रहालयाखेरीज दुसरी कोणतीही संस्था हे काम करू शकत नाही.

असे असता गर्दी कोठे असते? वाघापुढे, आणि त्यातही पांढऱ्या वाघापुढे. कात्रजला पांढरे वाघ ठेवले गेले आहेत, तसेच ते इतरही अनेक शहरांत आहेत. म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

२७ मे १९५१ रोजी रीवाच्या महाराजांनी पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. आज जगभर बंदिवासात असलेले बहुतेक पांढरे वाघ मोहनचे वंशज आहेत. मोहनचा जोडा आधी बेगम ह्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी लावला, तेव्हा सगळे बछडे पिवळे झाले. मग त्यांतल्याच राधा ह्या मुलीशी त्याचा जोडा लावला आणि १९५८ मध्ये चार बछडे जन्मले, चारही पांढरे. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना आनुवंशिकता शिकवायला ह्याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. पांढरा रंग अप्रभावी. मोहनकडे दोन्ही जनुके पांढरी, राधाकडे एक पांढरे आणि एक पिवळे. तेव्हा प्रत्येक बछडा पांढरा असण्याची शक्यता एकास दोन, आणि चारही पांढरे असण्याची एकास सोळा. महाराजांचे नशीब जोरावर होते! आता पुढचा प्रश्न विचारा. बाप आणि मुलगी ह्यांच्या संततीत एखाद्या स्थानावरची दोन्ही जनुके एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेली असण्याची शक्यता किती? उत्तर एकास चार. ही शक्यता फक्त रंगाच्या जनुकाला लागू नाही, जनुकसंचातल्या प्रत्येक स्थानाला आहे. दडलेले प्रत्येक दुबळे जनुक ह्या वाटेने वर येऊ शकते.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलल्याने हा रंग येतो. पिवळे रंगद्रव्य जाते, काळे पट्टे राहतात. त्यांच्या मते हा नैसर्गिक भेद आहे, रोग नाही. त्यावर आमचा वाद नाही. पण रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे ह्या वाघांत डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंची वाट चुकते आणि अनेकांचे डोळे तिरळे होतात, हे १९७३ पासून ठाऊक आहे. आणि एका रंगासाठी पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात जोडे लावणे हे संवर्धन नव्हे. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना असे हेतुपूर्वक प्रजनन थांबवायला सांगितले. रानातल्या वाघाला पांढऱ्या वाघाचा काही उपयोग नाही. तो पर्वतीच्या पायथ्याच्या गेंड्याचा वारस आहे. दुर्मीळ आहे म्हणून ठेवला, आणि ठेवण्यासाठी दुर्मीळता कृत्रिमपणे पैदा केली.

'प्राणिसंग्रहालय' ह्या आपल्या शब्दानेच थोडा घोळ केला आहे असे आम्हाला कधीकधी वाटते. संग्रह म्हटला की नग मोजावेसे वाटतात. नाण्यांच्या किंवा तिकिटांच्या संग्रहात जसे "हे आपल्याकडे नाही" म्हणून हळहळतात, तसे पालिकेच्या सभांतही होते. अमक्या शहरात झेब्रा आला, मग आपल्याकडे का नाही? झेब्रा आणण्याची बातमी पहिल्या पानावर येते. सापांच्या दालनातला फलक पुसट झाल्याची बातमी कोठेच येत नाही.

मोजणीची ही सवय प्राण्यांनाही महाग पडू शकते. जुलै २०२५ मध्ये कात्रजला काही दिवसांत १६ चितळे दगावली. कारण लाळ्या-खुरकूत निघाले. हा गाईगुरांचा रोग शेतकऱ्यांच्या मुलांना चांगला माहीत असतो. रानात चितळांचा कळप पांगतो, कुंपणाआड त्याला पांगायला जागा नसते, आणि विषाणू कुंपण मानत नाही. आपल्या संग्रहालयातील एका कळपात किती चितळे असावीत, ह्याची चर्चा अशी दुर्घटना घडण्यापूर्वी झाली तर ते खरे विज्ञान. शिक्षकांनी हा विषय वर्गात टाळू नये. मुले विचारतात, आणि "देवाची मर्जी" हे उत्तर त्यांना पुरत नाही.

सहलीच्या रीतीबद्दलही बोलले पाहिजे. दोन तासांत सगळे पिंजरे 'उरकायचे', शेवटी डबे खायचे आणि बसमध्ये मोजदाद करायची, हा क्रम आम्ही अनेक शाळांचा पाहिला आहे. त्याऐवजी दोनच प्राणी निवडावेत. जीन ऑल्टमन ह्यांनी १९७४ मध्ये प्राण्यांचे वर्तन नोंदवण्याच्या पद्धतींवर जो निबंध लिहिला तो आजही संशोधक वापरतात, आणि त्यातली एक पद्धत सातवीच्या मुलालाही जमते. हातात घड्याळ घ्यायचे, दर मिनिटाला एकदा प्राण्याकडे पाहायचे आणि त्या क्षणी तो काय करतो ते लिहायचे : बसला, चालला, खातो, चाटतो, झोपला. तीस मिनिटांत तीस नोंदी होतात. येरझाऱ्या असतील तर त्या नोंदींत आपोआप दिसतात, काकांच्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. पहिली दहा मिनिटे मुले कुरकुरतात. नंतर गप्प होतात.

एका सहलीत आम्ही असा गट घेऊन सापांकडे गेलो होतो. निम्मी मुले वाघाकडे पळाली होती. उरलेली कवड्याच्या काचेपुढे पट्टे मोजत होती. एक मुलगा, वेल्ह्याकडच्या खेड्यातला, मध्येच म्हणाला, "सर, मागच्या आठवड्यात आमच्या पडवीत मारला तो हाच. मण्यार म्हणून मारला."

पट्टे कोठून सुरू होत होते, असे आम्ही विचारले.

"ते नाही बघितलं, सर. आधी काठी मारली."

मग तो पुन्हा काचेकडे वळला आणि त्याने मानेपासून मोजायला सुरुवात केली.